सपाटच आहे ना?

"पोहोचलो घरी. मजा आली."

रविवारी, २९ जूनला, सकाळी पावणेअकराच्या सुमारास आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर मास्तरांचा हा मेसेज आला. खाली चार अंगठे उमटले, त्यातला एक माझा. मग कुणीतरी सोमेश्वरच्या धबधब्याचा व्हिडिओ टाकला, त्यावर गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं याची चर्चा सुरू झाली आणि मास्तर वर सरकत दिसेनासे झाले. मी सायकल पुसली, अंघोळ केली, जेवलो, आडवा झालो. झोप काही लागेना. आम्ही बाकीचे पाचजण साडेनऊलाच घरी आलो होतो. मास्तर आमच्याबरोबर निघाले होते आणि आमच्याबरोबर परतले नव्हते. मधे कुठल्या जागी ते सुटले, हे आम्हा पाचांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. तक्रार केली असती, "कसले लोक आहात रे" म्हणाले असते, तर मी सॉरी म्हणून मोकळा झालो असतो. "मजा आली" ला काय उत्तर देणार?

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीतले. तीसेक वर्षं कंडक्टरकी केली, तीही बरीचशी वणी-कळवण-सापुताऱ्याच्या बाजूला. खेड्यापाड्यांत कंडक्टरला मास्तरच म्हणतात, ते नाव त्यांना निवृत्तीनंतरही चिकटलं. पांढऱ्या मिशा, कपाळावर बुक्क्याचा ठिपका आणि मुलाने पुण्याला जाताना घेऊन दिलेली गिअरची सायकल. तिला त्यांनी पंचवटीतल्या दुकानातून मडगार्ड, स्टँड आणि दणदणीत पितळी घंटी बसवून घेतली होती. आमच्या ग्रुपमध्ये मडगार्डला कमीपणाचं समजतात. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आरपार ओलांडायची सायकलशर्यत, पूर्ण केली, मग २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथांनी तीच शर्यत एकट्याने पार केली, तेव्हापासून नाशिकमध्ये दर चार घरांमागे एक अँगलवर टांगलेली महागडी सायकल आणि तिचं वजन ग्रॅममध्ये सांगणारा एक मालक आहे. मीही त्यातलाच. मास्तरांच्या मडगार्डचा एक स्क्रू ढिला होता, त्यामुळे ते मागे आहेत हे न बघता कळायचं. खडखड, खडखड.

त्या रविवारी म्हसरूळला चहा घेताना त्यांनी मला विचारलं होतं, "रस्ता सपाटच आहे ना?" मी म्हटलं, "एकदम सपाट मास्तर. काही होत नाही." ज्या माणसाने दिंडोरी रस्त्यावर आयुष्यभर तिकिटं फाडली त्याला मी दिंडोरीचा रस्ता सांगत होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं. पण त्यांचंही खरं होतं. "गाडीतून कुठला चढ कळतो हो," ते म्हणाले, "ड्रायव्हरने गिअर बदलला की आम्हाला कळायचं."

म्हसरूळ सोडलं तेव्हा चामरलेणी ढगात होती. पुढे डाव्या हाताला रामशेज, त्याचाही माथा दिसत नव्हता. नावाला एकदोन चढ सोडले तर खरंच सपाट रस्ता. दोन्हीकडे पावसाने धुतलेल्या द्राक्षबागा, मधेच फवारणीचा तो घशात बसणारा वास, टोमॅटोच्या लागवडीसाठी गाडलेल्या बांबूंच्या रांगा. आणि वारा. जूनअखेरचा पश्चिमेचा ओला वारा. नाशिकहून दिंडोरी जवळपास नीट उत्तरेला आहे, म्हणजे हा वारा तुम्हाला समोरूनही येत नाही, पाठीवरही येत नाही. डाव्या कानात शिरतो. समोरच्या वाऱ्याशी निदान भांडता येतं, आडवा वारा नुसता आपल्याला रस्त्यावरून बाजूला सारत राहतो, लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने कोपराने सारावं तसा. वीसेक किलोमीटर आम्ही डोकं खाली घालून चालवलं. दिंडोरीत पोहोचलो तर पाचच. मास्तर नाहीत. आकाश भरून आलेलं, एकाला घरी बारशाचं जेवण. ठरलेली मिसळ रद्द केली, जानोरीकडून दहाव्या मैलाला निघालो. तिकडे वारा पाठीवर. कुणीतरी ग्रुपवर टाकलं, 'आम्ही जानोरीमार्गे परत'. मास्तर गाडी चालवताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

फोन करायचं कुणाच्या मनात आलं नाही. निदान माझ्या आलं होतं, केला नाही.

आता यात टूर द फ्रान्स, ती तीन आठवड्यांची, टप्प्याटप्प्याने चालणारी सायकलशर्यत, कुठून आली, तर ती माझ्या डोक्यात जुलै जवळ आला की येतेच. गेली पंधरा वर्षं मी ती बघतो. घरात यावरून थट्टा होते, कारण सपाट टप्प्याइतकी बघायला कंटाळवाणी गोष्ट दुसरी नाही असं आमच्याकडचं एकमत आहे. सुरुवातीला दोनतीन अनोळखी पोरं पुढे पळतात, मागचा शेदीडशेंचा घोळका त्यांना मिनिट-दोन मिनिटांच्या दोरीवर सोडून ठेवतो, हेलिकॉप्टर सूर्यफुलांची शेतं आणि कुणा सरदाराचा वाडा दाखवत फिरतं, शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये पळालेल्यांना गिळलं जातं आणि मग जाडजूड मांड्यांचे स्प्रिंटर एकमेकांवर आदळत रेषेकडे झेपावतात. दुपारच्या झोपेची उत्तम सोय, असं बायको म्हणते. तिला मी समजावत बसत नाही. पण टूरचा पहिलाच टप्पा सपाट असला, की त्या झोपेच्या आत काहीतरी फुरफुरत असतं. सगळ्यांचं घड्याळ शून्यावर, सगळ्यांचे पाय ताजे, कुणालाच आपण हरणार आहोत असं अजून कळलेलं नाही. त्यात स्प्रिंटरला पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची, अंगावर घालायची बहुधा ही एकच संधी, कारण पुढे डोंगर लागले की तो शेवटच्या गाडीच्या आगेमागे रखडत असतो. म्हणून एकशे ऐंशी माणसांना एकाच वेळी पहिल्या वीसात असायचं असतं. २०१४ मध्ये स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिश पहिल्याच दिवशी इंग्लंडमधल्या हॅरोगेटमध्ये, स्वतःच्या आईच्या गावात, रेषेच्या थोडं अलीकडे पडला आणि खांदा निखळून टूरबाहेर गेला. टप्पा सपाटच गणला होता.

मास्तरांना मी एकदा या सपाट टप्प्यांची गोष्ट सांगितली होती, २०१३ ची. शंभरावी टूर, पहिल्यांदाच कॉर्सिका बेटावर, पहिला टप्पा बास्तियाला संपणार. शर्यत यायच्या आधी ओरिका-ग्रीनएज संघाची बस अंतिम रेषेवरच्या कमानीखाली जाऊन अडकली. छप्पर वर, कमान खाली, ना पुढे ना मागे, आणि सायकली सुसाट येत होत्या. अंतिम रेषा तीन किलोमीटर अलीकडे ओढल्याचं जाहीर झालं, मग टायरची हवा सोडून बस कशीबशी मागे काढली, तर रेषा परत जागेवर. या गोंधळात घोळका धडपडला, मार्सेल किटेल जिंकला. ही गोष्ट मी ज्याला ज्याला सांगितली तो ड्रायव्हरला हसला. मास्तर हसले नाहीत. गंभीरपणे विचारलं, "कंडक्टर कुठे होता? गाडी मागे घेताना खाली उतरून बघायला कोणी नको?" मी म्हटलं, मास्तर, त्या बसला कंडक्टर नसतो. ते म्हणाले, "मग अडकणारच." आणि त्यांनी ती पितळी घंटी एकदा वाजवली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. हे सांगायची खरं तर गरज नाही, पण हल्ली दरवाजे आपोआप मिटणाऱ्या गाड्यांत वाढलेली पोरं आहेत, त्यांच्यासाठी.

आडव्या वाऱ्यात काय होतं ते मला नीट माहीत होतं, हे इथे कबूल करायला हवं. समोरून वारा असला की पुढच्याच्या बरोबर मागे राहायचं. घोळक्याच्या पोटात बसलेल्याला तर वारा जवळजवळ लागतच नाही. आइंडहोव्हेनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एकशे एकवीस सायकलस्वारांचा घोळका मांडून मोजलं, तर आत खोलवर बसलेल्याला एकट्याच्या तुलनेत जेमतेम पाच ते दहा टक्के विरोध. पण वारा बाजूने यायला लागला की आडोसा सरकतो. डावीकडून वारा असेल तर आडोसा पुढच्याच्या उजवीकडे आणि किंचित मागे. मग रांग तिरकी होते, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. डच लोक या तिरक्या रांगेला पंखा म्हणतात, हातपंखा उघडावा तशी दिसते म्हणून. पंख्यात आठदहा माणसं मावतात, तेवढ्यात रस्ता संपतो. जो अकरावा, त्याला आडोसा नाही. तो कडेच्या गटारालगत एकटा वारा खात राहतो, पुढच्याच्या चाकापासून हातभर मागे पडतो, मग दोन हात, आणि मग ते अंतर कधीच भरून निघत नाही. चढावर माणूस सुटला तर दिसतो. सगळेच हळू असतात, बोलता येतं, मागे वळून बघता येतं. सपाटीवर सगळे जोरात असतात. मागे बघितलं तर आपलंही चाक सुटतं.

आपल्याकडे तर आणखी वाईट. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालवतो आणि दिंडोरीला जाताना वारा डावीकडून येतो. म्हणजे आडोसा उजवीकडे, जिथून कळवणची एसटी आणि टोमॅटोचे पिकअप जातात. आम्ही पाचजण थोडे निर्ढावलेले, एकमेकांच्या उजवीकडे सरकून चालवत होतो, हॉर्न वाजला की आत. मास्तर आयुष्यभर गाडीत दाराशी उभं राहून सायकलवाल्यांना "कडेने घे रे बाबा" ओरडत आलेले. ते शहाण्यासारखे पांढऱ्या पट्टीला चिकटून, सगळ्यांच्या सरळ मागे. त्या जागेवर आडोसा नव्हता, आणि ही गोष्ट त्या रस्त्यावर फक्त मला कळत होती.

माझे वडील नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. सत्तरच्या दशकात भोंगा झाला की प्रेसच्या फाटकातून सायकलींचा जो लोंढा निघायचा तो मला अजून आठवतो, शाईच्या वासासकट. जेलरोडने तो लोंढा पुढे पातळ होत जायचा, एकेक गल्ली आपापली माणसं काढून घ्यायची. वडिलांबरोबर एक मित्र असायचा, दम्याचा. वडील स्वतःची सायकल एका हाताने चालवायचे आणि दुसरा हात त्याच्या पाठीवर. ढकलत आहेत असं वाटायचं नाही, दोघं गप्पा मारत चाललेत असंच वाटायचं. एकदा मी दांडीवर बसून विचारलं, काका पायडल का मारत नाहीत? वडिलांनी घरी आल्यावर कान पिळला. हे असं हाताने ढकलणं टूरमध्ये चालत नाही, दंड होतो. आमच्या ग्रुपमध्ये दंड नाही, पण आमच्या हँडलवर सरासरी वेग दाखवणारा डबा असतो. त्या रविवारी तो अठ्ठावीस दाखवत होता. माझा आजवरचा त्या रस्त्यावरचा सगळ्यात चांगला आकडा.

गुरुवारी कामासाठी दिंडोरीला जावं लागलं. चारचाकीने, काचा वर, एसी चालू. वारा तसाच होता, पण फक्त गवत झोपलेलं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. काम आटोपून त्या मिसळीच्या टपरीवर थांबलो. मालकाने ओळखलं. "तुम्ही रविवारवाले ना? त्या दिवशी आला नाहीत." मी काहीतरी पावसाचं कारण सांगितलं. तो तर्रीत डाव फिरवत म्हणाला, "ते पांढऱ्या मिशांचे बाबा आले होते की. सहा प्लेट सांगून बसले. म्हणाले पोरं मागं राहिलीत, येतीलच." पोरं मागं राहिलीत. मी विचारलं, किती वेळ बसले? "पाऊण तास तरी. सायकलची घंटी वाजली की उठून रस्त्यावर जायचे. मग फोन काढून बघितला आणि एकाचंच दे म्हणाले. पैसे सहाचे देत होते, मी कशाला घेऊ? पाव तसेच होते, रस्सा तसाच. पापड मात्र तळून झाले होते सहा. ते बांधून घेऊन गेले."

मी मिसळ खाल्ली. चांगली होती. पापड बाजूला काढून ठेवला आणि मग तोही खाल्ला, कारण तसा तो टाकून देण्यातही नाटकच होतं.

शनिवारी, ५ जुलै २०२५ ला, टूर सुरू झाली. उत्तर फ्रान्समधल्या लीलमधून निघून परत लीललाच, एकशे पंच्याऐंशी किलोमीटर, सपाट. आमच्या घरात टीव्ही सकाळपासून वरळीच्या मेळाव्यावर होता. दोघे ठाकरे भाऊ एका व्यासपीठावर, तेच तेच आलिंगन दर दहा मिनिटांनी. संध्याकाळी आईने तो पंढरपूरवर लावला, दुसऱ्या दिवशी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात मुंगी शिरायला जागा नाही असं दृश्य. मी शेजारी बसून मोबाईलवर सायकली बघत होतो. मधून मधून आई माझ्या मोबाईलमध्ये डोकावायची आणि मी तिच्या टीव्हीत. दोन्हीकडे माणसांचा लोंढा, दोन्हीकडे वरून हेलिकॉप्टरने घेतलेलं चित्र. फक्त एकीकडे टोप्या पांढऱ्या होत्या.

सुरुवातीलाच फिलिपो गाना पडला. वेळेविरुद्धच्या शर्यतीचा दोनदा जगज्जेता, टूरमध्ये तीन आठवडे चालवायला आलेला, आणि पहिल्या दुपारीच घरी. मग कासेलच्या टेकडीवर, दगडी फरसबंदीच्या चढावर, पळालेल्या दोघांनी माथ्यावर पहिल्याला मिळणाऱ्या एका गुणासाठी एकमेकांवर झेप घेतली. बेंजामिन तोमा रेषेवर पोहोचता पोहोचता घसरला आणि दुसऱ्याला, माटेओ व्हर्शेला, घेऊनच पडला. एका गुणासाठी. मी हसलो, आणि मग अठ्ठावीसचा आकडा आठवून हसणं आवरलं. पुढे जमीन पसरट होत गेली, निफाडच्या बाजूला असते तशी उघडी, झाड नाही झुडूप नाही. शेवटचे वीसेक किलोमीटर उरले असताना व्हिस्मा संघाच्या पोरांनी अचानक रस्त्याच्या एका कडेला सरकून वेग वाढवला. मी सोफ्याच्या कडेला आलो. हेलिकॉप्टरमधून दिसत होतं, घोळका ताणला जातोय, लांब होतोय, पंखा उघडतोय, आणि मग कुठेतरी मधे, एका माणसाच्या आणि दुसऱ्या माणसाच्या मधे, डांबराचा एक तुकडा दिसायला लागला. सायकलभर लांबीचा. मग दोन. मी ओरडलो. आनंदाने ओरडलो, हे लपवत नाही. अशी फूट बघायलाच मी पंधरा वर्षं सूर्यफुलं सहन केली आहेत. पुढच्या तुकडीत टूर जिंकायचे मोठे दावेदार, पोगाचार आणि व्हिंगेगार्ड, होते. मागे राहिला रेम्को एव्हनेपुल, आदल्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं घेतलेला. रोग्लिचही मागे.

आई म्हणाली, "मागचे राहिले की रे ते."

"राहिलेच."

"मग त्यांना आता कोण घेणार?"

आई एकदा निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर सिन्नरपर्यंत चालली आहे. दिंडीत कुणी रेंगाळलं तर मागची दिंडी त्याला पोटात घेते, अगदीच पाय गेले तर सामानाचा ट्रक असतो, एवढं तिला माहीत. मी म्हटलं, आई, कोणी घेत नाही, हीच तर शर्यत आहे. ती परत पंढरपूरकडे वळली. मला तिला एक नियम सांगायचा होता. सपाट टप्प्यावर सगळे एका गठ्ठ्यात आले तर पहिल्याला जी वेळ, तीच शंभराव्याला. कितीही मागे असा, पुढच्याचं चाक धरून असलात तर घड्याळ तुम्हाला वेगळं मोजत नाही. फट पडली की मात्र मोजतं. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये पडलात, पंक्चर झालात, तर दया दाखवणारा नियम आहे. वाऱ्यासाठी तसा नियम नाही. एव्हनेपुलला एकोणचाळीस सेकंद मोजले गेले. पुढे व्हान डर पूलने आपल्या संघातल्या यास्पर फिलिप्सनला वाट काढून दिली आणि तो जिंकला. बिनियम गिरमाय दुसरा. फिलिप्सनने आयुष्यात पहिल्यांदा पिवळी जर्सी घातली. (सोमवारी, तिसऱ्या टप्प्यात, तोही पडला आणि गळ्याचं हाड मोडून बाहेर गेला. तोही रस्ता सपाट.)

रात्री नऊनंतर त्या फुटीचा तुकडा मी पुन्हा पुन्हा बघत होतो. चित्र थांबवून, मागे घेऊन. मला तो माणूस शोधायचा होता ज्याच्या पुढे पहिल्यांदा फट पडली. म्हणजे एव्हनेपुल नव्हे, त्याच्याही पुढचा कोणी, ज्याच्या पायात एक क्षण कमी पडला. आणि त्याच्याही पुढचा, ज्याला मागचा आवाज बंद झाल्याचं कळलं असणार. तो मला सापडला नाही. पण बघता बघता मी सुरुवातीला जे लिहिलं ते खोटं आहे हे मला मान्य करावं लागलं. मास्तर कुठे सुटले हे मला सांगता येतं. अक्राळे फाट्याच्या अलीकडे. तिथपर्यंत खडखड येत होती. तिथे एक ट्रक गेला, पाण्याचा फवारा उडाला, आणि त्यानंतर आली नाही. मी आमच्या पाचांत शेवटचा होतो. मान वळवली असती तर दिसलं असतं. मान वळवली असती तर पुढचं चाक सुटलं असतं.

तेवढ्यात फोन उजळला. ग्रुपवर मास्तर. 'उद्या एकादशी. मिसळ बाद. खिचडी कुठे मिळेल? रस्ता कुठला?' मी पहिल्यांदाच त्यांना फोन लावला. रस्ता तोच, म्हटलं, सपाट आहे, पण वारा आहे. "असेना," ते म्हणाले.

सकाळी म्हसरूळला चहाच्या वेळी मी हळूच विषय काढला. "मास्तर, त्या दिवशी सहा पापड..." ते असे चपापले की जणू चोरी पकडली. "तुम्हाला कोणी सांगितलं?" मग बशीतला चहा संपवून, मिशा पुसून म्हणाले, "पॅसेंजर धावत येतो आणि गाडी सुटते. त्याला वाटतं कंडक्टरने बघितलं नाही." थोडं थांबले. "बघितलेलं असतं हो. गाडी खच्चून भरलेली असते, उशीर झालेला असतो, आणि आरशात दिसत असते एखादी बाई, कडेवर पोर. आपण डबल बेल मारतो." मी काही बोललो नाही. चहाचे पैसे त्यांनी दिले. मीही देऊ दिले.

निघाल्यावर मी त्यांना माझ्या उजव्या हाताला, अर्धं चाक मागे राहा म्हटलं. "उजवीकडून गाड्या येतात," ते म्हणाले. त्यांना पांढऱ्या पट्टीच्या आत ठेवायचं तर मला पट्टीच्या बाहेर जावं लागणार होतं. मी कडेच्या मुरमात उतरलो. चाकं बुळबुळत होती, गुडघ्यापर्यंत चिखल उडत होता, डावा कान वाऱ्याने बधिर. हँडलवरचा डबा सतरा दाखवत होता. बाकीचे चौघं आधी पुढे गेले, मग त्यातल्या एकाची चेन उतरली आणि सगळे त्याच्याभोवती उभे राहिले. आम्ही हात दाखवून पुढे निघालो. उजव्या कानात खडखड चालू होती. रामशेजचा माथा आज मोकळा होता.

अक्राळे फाट्याच्या अलीकडे घंटी वाजली. एकदाच. माझे हात आपोआप ब्रेकवर गेले. मास्तर खाली उतरले, स्टँड लावला, धोतराच्या चिंधीने चष्मा पुसला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन मागे बघत उभे राहिले. लांब वळणावर एक टोपी दिसली, मग दुसरी. तिसरी बऱ्याच वेळाने. मी काही विचारणार तेवढ्यात त्यांनी हाताने गप्प केलं. एक पिकअप गेला, त्याच्यामागून चौथा आला.

"चार," मास्तर म्हणाले, सायकलवर बसले आणि दोनदा घंटी वाजवली.